गाठ हाताला लागेना तेव्हा

चौथ्या केमोनंतर माझ्या डाव्या स्तनातली गाठ हाताला लागेनाशी झाली. डॉक्टरांना ते अपेक्षित होतं. आधी औषधाने गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, त्यानंतर रेडिएशन, हा क्रम त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितला होता. गाठ विरली तरी जागा सापडावी म्हणून तिच्यात तिळाएवढी धातूची क्लिपही बसवली होती.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावी सासूबाईंनी याचा वेगळा अर्थ लावला. त्यांनी नवस बोलला होता. गाठ गेली, म्हणजे देवाने ऐकलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि घरं पाहुण्यांनी भरतात. नवसाचं जेवण आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी ठरलं. माझी शस्त्रक्रिया नागपूरला, त्याच आठवड्यात. मी पोचले तेव्हा अंगणात नवसाचा बकरा बांधलेला होता.

"रुमाल बांध वं डोक्याले, लोक पाहून राहिले," चुलतसासू म्हणाल्या.

"पाहू द्या. केस औषधानं गेले, कोणी चोरून नाही नेले."

सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि चाचपून पाहिलं. गाठ मी पहिल्यांदा त्यांनाच दाखवली होती. जागा त्यांना पाठ होती.

"काहीच नाई. मंग कायले कापून घेऊन राहिली?"

"हाताला लागत नाही, एवढंच. आत असू शकते."

"देवावर भरोसा नाई?"

"देवावर आहे. तुमच्या बोटांवर नाही."

दारात जाऊ उभी होती. "बकरा तं आला," ती म्हणाली. "आता गाठीले परत बोलावता काय?"

त्यावर सासूबाईसुद्धा हसल्या. दाराबाहेर उभा असलेला नवरा हसला नाही. महिनाभर थांबून पाहू, असं तो अंगणात पाहुण्यांसमोर म्हणाला. माना डोलल्या.

"तुम्ही पाहत बसा," मी बाहेर येऊन म्हटलं. "मी नागपूरला जाते. नवस फळला की नाही ते रिपोर्ट सांगेल. तोवर बकऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

जेवण वरण-भातावर झालं. काही पाहुणे रुसले. दुसऱ्या दिवशी मी एसटीने गोंदियाला आणि तिथून रेल्वेने नागपूरला गेले. नवरा बॅग घेऊन सोबत आला.

स्तनाचा तो भाग आणि काखेतल्या काही ग्रंथी काढल्या. रिपोर्ट मी फोनवरून सासूबाईंना सांगितला. क्लिपच्या आजूबाजूला कर्करोगाच्या जिवंत पेशी सापडल्या होत्या. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, तिथे पेशी नव्हत्या. रेडिएशन व्हायचं होतं.



"म्हणजे अजून बाकी हाय," त्या म्हणाल्या.

"बाकी आहे."

"मंग बकऱ्याले चारा लागन."