धाडीआधीच उतरलेली घुंगरं

लोक मला मोठमोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मीही छाती फुगवून सांगतो. पण कुठं भजी तळल्याचा वास आला, की दरोडे आणि खून बाजूला राहतात आणि लाल रंगाची एक बादली डोळ्यांसमोर उभी राहते. त्या बादलीत वाळू असायला हवी होती. प्रत्यक्षात कोंबडी बसली होती. इतक्या वर्षांत हा तपास काही मला सोडून गेला नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. फौजदार म्हणून माझी जालना जिल्ह्यात नुकतीच बदली झाली होती. अंबडहून घनसावंगीकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा आमच्या हद्दीत येई. गळीत हंगाम सुरू झाला की त्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि रांगेला लागूनच एक लोकनाट्य कला केंद्र होतं. पत्र्याचं सभागृह, आत लाकडी स्टेज, ढोलकी, पेटी आणि लावणी करणाऱ्या बाया. चालवणारी बाई पन्नाशीची. सगळे तिला अक्का म्हणत. समोर, सगळे ज्यांना मामा म्हणत त्यांचं हॉटेल, शेजारी पानटपऱ्या आणि जीपवाल्यांचा थांबा. केंद्र चाललं की हे सगळे चालत.

मी हजर होऊन थोडेच दिवस झाले होते. एका संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला. बाईचा आवाज होता.

"साहेब, कला केंद्रात दारू चालू हाय. भांडणं व्हनार. आत्ता या."

"कोण बोलतंय?"

"कोनी का बोलंना. आत्ता या!"

त्या 'आत्ता'वर असा जोर होता की मी खुर्चीतून उठलोच. नवऱ्याच्या नादाला कंटाळलेली कुणी गृहिणी असणार, असा निष्कर्ष जीपमध्ये बसेपर्यंत मी काढून टाकला होता. निष्कर्ष लवकर काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

केंद्राजवळ पोचताच मी जोरात शिट्टी फुंकली. आतले लोक पळाले की नाही ठाऊक नाही, पण बाहेरच्या गाड्यांचे बैल उधळले आणि अर्धा ऊस रस्त्यावर आला. एक गाडीवान ओरडला, "साहेब, धाड आमच्यावर हाय का त्यांच्यावर?"

मी बुटांसकट स्टेजवर चढलो. दारू सापडली नाही. जुगार नाही. ढोलकीवाला माझ्या बुटांचे ठसे फडक्यानं पुसत मागं मागं फिरत होता, तेवढंच. आता रिकाम्या हातानं परतणारा फौजदार आठवडाभर ठाण्यात चेष्टेचा विषय होतो. म्हणून मी परवान्याच्या अटी मागवल्या. आग विझवण्यासाठी वाळूच्या बादल्या हव्यात, अशी अट होती. बादली होती. मी पंचनाम्यात लिहिलं, 'लाल रंगाची लोखंडी बादली, तीत जिवंत कोंबडी, अंड्यांवर बसलेली.' मागच्या दाराला कपड्यांच्या पेट्या लावल्या होत्या. तेही लिहिलं, आणि मागचं दार कायम मोकळं ठेवायचं, असा दम भरला.

मग हे नेहमीचं झालं. आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा, "आत्ता या" म्हणायचा, आम्ही जायचो. दारू सापडायची नाही, अट सापडायची. कधी वायरिंग उघडं, कधी स्वच्छतागृहाला कडी नाही. तिसऱ्या का चौथ्या फोनला मी त्या बाईला धीरही दिला, "ताई, काळजी करू नका. तुमचा संसार मी वाचवतो." पलीकडून हुंदका आल्यासारखं वाटलं.

एका सकाळी ठाण्यावर मोर्चा आला. पुढं हॉटेलवाले मामा, मागं पानटपरीवाले, जीपवाले, ढोलकीवाला आणि तो ऊसवाला गाडीवानही.

"साहेब," मामा म्हणाले, "दारू घावली का?"

"नाही."

"जुगार?"

"नाही."

"मंग घावलं काय? बादली!" मोर्चा हसला. "अवो, गिऱ्हाईक तुमच्या शिट्टीला भिऊन राह्यलं. माझं भज्याचं तेल रोज गार होऊन राह्यलं. आमच्या पोटाला बी काही अट लावा की!"

जीपवाला म्हणाला, "आधीचे फौजदार मैन्यातून एक चक्कर मारायचे, बास. तुम्ही तर आमच्या सवारीपेक्षा जास्ती फेऱ्या करून राह्यले."

मी कायद्यावर भाषण दिलं. कुणी ऐकलं नाही. पण त्यांच्या चिडण्याला कारण होतं. वरिष्ठांनी माझ्याकडून कसुरी अहवाल मागवला होता. अटी मोडल्याचा तो अहवाल माझ्या सहीनिशी वर गेला, की परवाना रद्द आणि बाया, वादक, समोरची टपऱ्यांची ओळ, सगळे एका फटक्यात रस्त्यावर. अहवाल टाइप होऊन माझ्या टेबलावर आला होता. सही तेवढी राहिली होती.

सही राहिली याचं कारण एक खटकणारी गोष्ट. प्रत्येक धाडीत परवान्याची वेळ शिल्लक असतानाच कार्यक्रम आटोपलेला असायचा. बायांनी घुंगरं उतरवून, फडक्यात बांधून देवीच्या फोटोसमोर ठेवलेली असायची. म्हणजे आम्ही येणार हे त्यांना आधीच कळत होतं. याचा अर्थ सरळ होता. ठाण्यातून बातमी फुटत होती!

संशय कुणावर घेतला? माझ्या जमादारांवर. निवृत्तीला आलेला, सरळ माणूस. त्यांना समोर बसवून मी रीतसर विचारपूस केली.

"जमादार, केंद्रात बातमी कोण देतं?"

"सायेब," ते शांतपणे म्हणाले, "धाडीला निघताना तुम्ही ज्या आवाजात गाडी काढायला सांगता, त्यानं बातमी आपसूक अंबडपर्यंत जाती."

मी त्यांचा जबाब नोंदवला. त्यांनी सही केली आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी चहा सांगणं बंद केलं.

खात्री करायला मी एक दिवस फोन नसताना, कुणाला न सांगता, ड्रायव्हरला घेऊन गेलो. केंद्र भरलेलं. बादल्यांत वाळू. घुंगरं पायात. अक्काची भाची, त्या सगळ्यांत लहान, गात होती, 'दारात उभं राहून, पाव्हणं, बघता काय...' आणि दारात उभा होतो मी! वर्दी दिसताच गाणं तिथंच तुटलं. ओळ मला उद्देशून होती असं समजून मी कान लाल करून परतलो. पण माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. कुणाला सांगितलं नाही, तर केंद्राला कळत नाही. फुटतंय ते ठाण्यातूनच.

पुढचा फोन मी स्वतः घेतला. रिसीव्हर ठेवला आणि कुणाशी एक शब्द न बोलता जीप स्वतः चालवत निघालो. जमादार नुसते बघत राहिले. केंद्रात शिरलो. घुंगरं उतरवलेली, फडक्यात बांधलेली, देवीसमोर.

परतताना गाडी मी हळू चालवली. बातमी फुटायला या वेळी वेळच नव्हता. धाड येणार हे माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. बोलावणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमादारांसाठी चहा सांगितला. त्यांनी तो पूर्ण संपवला, मग म्हणाले, "त्या रस्त्याला फोन एकच हाय, सायेब. मामाच्या हॉटेलात."

"अहो, मोर्चा तर मामांनीच आणला!"

"मी फोनचं सांगितलं. मोर्चाचं न्हाई."

आम्ही दोघं हॉटेलात जाऊन बसलो. मामा लगेच सुरू झाले. धाडी, गिऱ्हाईक, गार तेल. मी मान डोलवत होतो. एवढ्यात मागच्या गोणपाटाच्या पडद्याआडून आवाज आला, "अवो, बेसन संपलं. घेऊन या. आत्ता जा!"

मी कप खाली ठेवला. पडद्याकडं तोंड करून म्हणालो, "ताई, संसार कसा काय चाललाय?"

पडद्यामागचा झारा थांबला. मग हसू फुटलं. त्या दिवशी फोनवर मी ज्याला हुंदका समजलो, तेच हसू. मामी हात पुसत बाहेर आल्या. मामा एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा बायकोकडं.

"तू फोन करती? यांना?"

"मंग काय करावं?" मामी म्हणाल्या. "साहेब, अक्काला बलवते. तिच्याच तोंडून ऐका."

अक्का आली. बाकावर बसली, पदर सावरला आणि एकाही शब्दाला न चाचरता बोलली. पोलिसापुढं इतकं सरळ बोलणारं माणूस मी क्वचितच पाहिलं.

केंद्राची जागा एका बड्या बागायतदाराच्या मालकीची. त्याचा मुलगा, ज्याला सगळे छोटे मालक म्हणत, केंद्रात येऊन बसायचा. "साहेब, भैरवी झाली की गानं संपलं. घुंगरं उतरवायची. एकदा उतरली की त्या दिवशी पुन्हा बांधायची न्हाईत, ही आमची रीत. लोक उठून जातेत. हा उठत न्हाई. म्हनतो, भाचीला शेतातल्या बंगल्यावर पाठव, न्हाईतर बांध पुन्हा घुंगरं. मी न्हाई म्हनते. मंग तो खिशातून चाकू काढून सुपारी कातरत बसतो."

"तक्रार का नाही दिली?"

"कुनाच्या जागेत बसून कुनावर देऊ? आन साक्षीला कोन येनार व्हतं? त्याला भ्या फक्त बापाच्या इज्जतीचं. पोलिसाच्या गाडीचा उजेड दिसला की तो पळतो. म्हनून तो बसलेला दिसला की मी भैरवी लवकर घेते आन चहा सांगायच्या निमित्तानं मामीला निरोप धाडते. तुम्ही येता. पोर वाचती."

"आणि आम्हाला तो कधीच कसा दिसला नाही?"

अक्कानं मामीकडं पाहिलं. "पैल्यांदा मागच्या दाराला पेट्या व्हत्या. तवा तो स्टेजखाली लपल्ता. तुमच्या बुटाखालीच म्हना की. मंग तुम्हीच दम देऊन दार मोकळं करून दिलं. तवापासून त्याची सोय झाली."

जमादार खोकले. ते हसू होतं हे मला ओळखू आलं. एव्हाना मी शिकलो होतो.

मामा मात्र अजून पहिल्याच प्रश्नावर होते. "मंग मी मोर्चा कशाला काढला?"

"मला इच्यारलं व्हतं का?" मामी म्हणाल्या.

त्यानंतरची धाड माझ्या नोकरीतली सगळ्यात शांत धाड. फोन आला. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. जमादार आणि एक शिपाई मागच्या दाराबाहेर उसाच्या गाडीला टेकून उभे राहिले. गाडी त्याच गाडीवानाची. बैल त्यानं आधीच सोडून झाडाला बांधले होते. म्हणाला, "तुमचा भरवसा न्हाई साहेब." मामा आणि एक पानटपरीवाला पंच म्हणून खिडकीशी थांबले. आतली धमकी दोघांनी कानांनी ऐकली. मग मी पुढच्या दारानं शिरलो आणि छोटे मालक मागच्या दारानं निघाले, ते थेट जमादारांच्या मिठीत. हातात उघडा चाकू. मुद्देमाल आयताच.

अक्काच्या भाचीनं फिर्याद दिली. पुढं एकही शब्द मागं घेतला नाही.

सकाळी छोट्या मालकांचे वडील ठाण्यात हजर. चहा नको म्हणाले. "पोरकटपणा झाला, मिटवून टाका. न्हाईतर त्या बाईनं उद्या जागा खाली करायची. बिलकुल उद्या."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. तीच माणसं, तोच मोर्चा, या वेळी अक्काही सोबत. मला वाटलं, पुन्हा माझ्या नावानं शंख. पण ते जबाब द्यायला आले होते. जीपवाल्यानं छोट्या मालकांना बंगल्याची गोष्ट बोलताना ऐकलं होतं, ढोलकीवाल्यानं चाकू पाहिला होता. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, की हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे. मामा बागायतदारांसमोर उभे राहिले.

"मालक, जागा तुमची, घ्या माघारी. अक्का, माझ्या हॉटेलामागं मोकळं रान हाय. पत्रे तेवढे उचलून आना."

बागायतदार उठून गेले. खटला चालला. मुलाला फार मोठी शिक्षा झाली नाही, पण एकही साक्षीदार फिरला नाही. जिल्ह्यात हे क्वचित घडतं, हे कोणताही पोलीस सांगेल. छोटे मालक पुन्हा त्या रस्त्याला दिसले नाहीत.

कसुरी अहवालावर मी सही केली नाही. त्याऐवजी अटींची पूर्तता झाल्याचा अहवाल पाठवला, आणि तो खराही होता. नव्या जागेत वाळूच्या बादल्या चकचकीत होत्या आणि देवीच्या फोटोसारखं त्यांना कुंकू लावलेलं होतं. कोंबडी मामांनी पाळायला नेली.

खबर आली की आपण पोलीस विचारतो, काय चाललंय, कुठं, कोण आहे. 'तुम्हाला काय हवंय?' हे खबर देणाऱ्याला विचारायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. एवढा एक प्रश्न पहिल्याच फोनला विचारला असता, तर निम्म्या धाडी वाचल्या असत्या आणि मामांचं तेल तापलेलं राहिलं असतं. पुढं मी जिथं जिथं ठाणेदार झालो, तिथं चिडलेला मोर्चा आला की आधी त्याला बसवून घ्यायचो. चिडलेल्या माणसांना बहुधा काहीतरी ठाऊक असतं. फक्त आपल्याला भाषण थांबवावं लागतं.

माझी बदली झाली. निघायच्या संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला. "साहेब, कला केंद्रात या. आत्ता या!"

मी धावलो. सवय. जमादारही मागं. आत शिरलो तर सगळे गुमान बसलेले. मामा, मामी, जीपवाले, पुढच्या रांगेत गाडीवान. घुंगरं पायात. मी शिट्टीकडं नेलेला हात खाली घेतला.

अक्का म्हणाली, "इतक्यांदा आलात साहेब, पन गानं एक बी ऐकलं न्हाई. आज बसा."

भाची पुढं आली. ढोलकी वाजली. तिनं तीच ओळ धरली, जी त्या दिवशी माझ्या वर्दीला पाहून तुटली होती, आणि या वेळी पुढंही गेली:

'दारात उभं राहून, पाव्हणं, बघता काय,
जोडा काढून आत या, भुईला टेकवा पाय.'

मी बूट काढले. उजव्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा पूर्ण बाहेर आला होता. सगळं सभागृह हसलं. ढोलकीवाल्यानं खांद्यावरचं फडकं झटकलं, स्टेजच्या कडेला अंथरलं आणि मला बसायला जागा करून दिली.