आधी सदरा, मग माणूस

मेलेल्या माणसाला लाज वाटते का?

हे मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "प्रार्थना कर, दानिएल." नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाजूला उभा राहा." मम्मीला विचारलं तर तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मी आठवी नापास, माझ्या प्रश्नाला कोण विचारतंय!

माझ्या थोरल्या बहिणीला, एस्तेरताईला, जाऊन दोन महिने झाले. चर्चच्या मंडळीतली माणसं अजून भेटायला येतात. येताना डब्यातून आमटी-भात आणतात, बसतात, ताईचा एखादा किस्सा सांगतात, डोळे पुसतात आणि उठतात. डबे आठवणीनं परत नेतात. किस्से आमच्याकडंच राहतात. घरात आता एवढे साठलेत की थोडे तुमच्या हवाली करतो.

*

ताई युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला होती. शाळेच्या सदऱ्याचे पुठ्ठ्याचे साचे कापडावर ठेवायचे, खडूनं आखायचं, कापायचं. रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायची. पोरं जांभया द्यायची. म्हणून तिच्या डोक्यात आलं, पवित्र शास्त्रातल्या गोष्टींचं कॉमिक काढायचं आणि नाताळात पोरांना द्यायचं!

चित्रं शिकायला ती चौकातल्या मास्तरांकडं गेली. मास्तर जुने बोर्ड पेंटर, फ्लेक्स आल्यापासून रिकामे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघ पोरी, आधी उघडा माणूस काढायचा. मग त्याच्यावर कपडे चढवायचे. सगळी दुनिया असंच शिकती."

ताईनं वही मिटली. "उघडा माणूस मी काढणार नाही मास्तर. माझ्या विश्वासात ते बसत नाही."

"अगं, फिकट पेन्सिलीनं काढ की! नंतर खोडायचंच हाय. कुणाला दिसतंय?"

"मी तर बघितलेलं असंल ना!"

मास्तर चिडले. म्हणाले, "मग स्वेटर वीण जा!"

दुसऱ्या दिवशी ताई कारखान्यातले टाकून दिलेले साचे घेऊन हजर. आधी खांदा आखला, मग बाही, मग कॉलर. सदरा पूर्ण झाल्यावर त्याला कोपरापाशी चुण्या पाडल्या. मग वरून डोकं, बाह्यांतून हात, खालून पाय बाहेर काढले. माणूस उभा! आणि नुसता उभा नाही, पळत होता.

मास्तरांनी चष्मा पुसून कागद लांब धरला. "चाळीस वर्षं मी माणसाला कपडे घालतोय," ते म्हणाले. "ही पोरगी कपड्याला माणूस घालती!"

*

एक अडचण झाली. साचे शाळेचे. त्यामुळं सुरुवातीला शास्त्रातले सगळे संदेष्टे शाळेत निघाल्यासारखे दिसायचे. तांबडा समुद्र दुभागताना मोशेच्या झग्याला कडक कॉलर आणि छातीवर खिसा! ताईनं मोठ्या कौतुकानं ते पान संडे स्कूलमध्ये दाखवलं.

मागून एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, मोशे कितवीत हाय?"

*

मॉडेल मीच. मम्मीची मोराच्या नक्षीची लाल चादर अंगाला गुंडाळून मी अब्राहाम झालो, योना झालो, एकदा तर एकाच दुपारी बाळ येशूला बघायला आलेले तिन्ही मागी लोक झालो. मग नुसत्या हातांनी देवळाचे खांब पाडणाऱ्या शमशोनाची पाळी आली. म्हटलं, हा माणूस आपला! चादर फेकली, शर्ट काढला आणि दंड फुगवून उभा राहिलो.

ताईनं झटकन तोंड भिंतीकडं केलं. "लाज हाय का बे तुला? शर्ट घाल आधी!"

"शमशोन हाय मी! ताकद कुटं दाखवू मग?"

"शर्ट घाल आणि हात वर कर. खांब पाडायलास असं समज."

मी रागारागानं शर्ट घातला आणि एवढ्या जोरात हात वर केले की काखेतली शिवण टर्रकन उसवली.

"थांब! हलू नको!" ताई ओरडली.

तिनं तेवढी उसवलेली शिवण काढली. बास. दंड नाही, छाती नाही, आणि तरी बघणाऱ्याला वाटावं, आता छत पडतंय! चूक दाखवायला मास्तरांनी त्या पानावर बोटसुद्धा ठेवलं नाही.

"रविवारी शर्ट शिवून देते," ताई म्हणाली होती. तो अजून उसवलेलाच खुंटीला आहे.

*

नाताळाच्या आधी कॉमिक चर्चच्या वडील मंडळींपुढं गेलं. पाचजण चष्मे लावून बसलेले. कुणाचा हात उघडा दिसतोय का, कुणाचा गुडघा दिसतोय का, एकेक चौकोन तपासत होते. मी दारात उभा, मुठी वळून. काही वाकडं बोलले असते तर मी टेबल उलटं केलं असतं.

आदाम आणि हव्वेचं पान आलं. पानभर दाट झाडी. झाडीतून दोन फुगे बाहेर आलेले, आत संवाद. माणूस एकही नाही!

एक काका म्हणाले, "बाई, यात आदाम कुठाय?"

"लपलाय," ताई म्हणाली.

"आणि हव्वा?"

"तीपण. शास्त्रात तसंच हाय की काका. देवालाबी हाक मारावी लागली, आणि तुमाला लगेच दिसावीत व्हय?"

काकांनी चष्मा काढला. पान पास!

*

जानेवारीत पोटातली गाठ कळली. ताई दवाखान्यात. तिथले गाऊन पाठीकडून उघडे, नाड्या तुटलेल्या. मी विचारलं, "वही आणू का?" ती म्हणाली, "सुई-दोरा आण."

झोपल्या झोपल्या तिनं नाड्या शिवल्या. शेजारची आजी म्हणाली, "माझ्याबी लाव गं लेकी." आठवड्यात वॉर्डातल्या सगळ्या बायांच्या पाठी झाकल्या. राउंडला मोठे डॉक्टर आले. पाठीला नळी लावून तपासायचं तर नाडीची गाठच सुटेना.

"हे कुणी बांधलं?"

"मी. सोडा की डॉक्टर," ताई म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "पण परत तुमीच बांधायचं."

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि खाली वाकून चार नाड्या बांधल्या. मग बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, "बाकीच्या घरच्यांना बोलावून घ्या."

*

कॉमिकचं एकच पान राहिलं होतं. येशूच्या वधस्तंभाचं. नाताळाच्या प्रतींत ते नव्हतं, ताईला ते ईस्टरला द्यायचं होतं. कोरा कागद ती उशाखाली ठेवायची.

"शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले रे दान्या," ती म्हणाली. "आता सुरुवात कुठनं करू? माझ्याकडं साचाच न्हाई."

मी पटकन बोलून गेलो, "मग सोडून दे ते पान!"

"त्याचे शिष्यबी सगळे सोडूनच पळाले होते की," ती म्हणाली.

*

शेवटचे दोन दिवस ती आयसीयूत होती. नाड्या लावलेला गाऊन त्यांनी कात्रीनं कापून काढला होता. दुपारी ती गेली. बाहेर आणली तेव्हा अंगावर दवाखान्याची एक चादर, तीही पायाला अपुरी.

दवाखान्याच्याच मागच्या खोलीत ठेवली. आमच्यात बाईला बायाच अंघोळ घालून पांढरे कपडे घालतात. मम्मी आणि मार्थामावशी आत गेल्या. खोलीला दार होतं, पण ते बंद होत नव्हतं. बाहेरून माणसं जात-येत होती, जाता जाता आत बघत होती.

मी ताईसाठी घरून आणलेल्या पिशवीतून मोराची चादर काढली. दारात उभा राहिलो, खोलीकडं पाठ केली, हात दोन्हीकडं लांब केले आणि चादरीची टोकं चौकटीवर मुठींनी दाबून धरली.

स्ट्रेचरवाला आला. "ए, सरक की. आमाला कामं हायेत."

"बाया आत हायेत."

"अरे बाबा, मेलेल्या माणसाला..."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं स्ट्रेचर मागं घेतलं.

खांदे भरून आले. मुंग्या आल्या. मान आपोआप खाली पडली. आत पाण्याचा आवाज येत होता. कॉरिडॉरमधून मास्तर आले. काखेत ताईची वही. मला बघून लांबच थांबले. माझे पसरलेले हात बघितले, पडलेली मान बघितली. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

आतून मार्थामावशी म्हणाली, "झालं रे दान्या. हात खाली घे आता."

मी घेतले नाहीत.