मोज्यातला कांदा

साखऱ्याची सुकन्या शेळ्यांमागं धावता धावता फुटबॉल खेळायला लागली. वसमतला मे महिन्यात भर दुपारी मुलींची मॅच ठेवणाऱ्यांना लाज कशी वाटली नाही, कोण जाणे! ऊन बाधू नये म्हणून तिच्या आईनं, नर्मदाबाईनं, निघताना तिच्या मोज्यात कांदा खोचला.

"काहून गं आई? पोरी हसतील."

"हसू दे. चक्कर आली तर फोडून हुंग."

सुकन्यानं तो कुणाला दिसू दिला नाही. पण खेळताना समोरच्या संघातली राजनंदिनी चक्कर येऊन कोसळली. सुकन्यानं तिला सावलीत ओढलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि लाजबीज सोडून कांदा बुक्कीनं फोडून तिच्या नाकाशी धरला.

राजनंदिनीनं डोळे उघडले. मग ओशाळून आपला मोजा खाली केला. आत तिच्या आईनं खोचलेला कांदा होता.