आज धुरा पेटवला नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंदा आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी आली, ती शेवटची. बायका वाण घेऊन गेल्या होत्या, मी तिळाचे डबे आवरत होते आणि ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. तिचा फोन नेहमीसारखा मिठाच्या बरणीला टेकवलेला. त्यावर देशाचा नकाशा, आणि नकाशाच्या पार उजव्या टोकाला, पूर्वेकडच्या डोंगरांत, गोवर उठावा तसे लाल ठिपके उठलेले. "यंदा लवकर निघाली, वयनी," ती म्हणाली. मला वाटलं, कुणी पाहुणी निघाली. "कोन निघाली वं?" "आग. तिकडूनच निघते ते दरसाल. मंग ओडिशा, मंग आंध्र, आन् मोह पडाच्या टायमाले आपल्या दारात." मी म्हटलं, "तोंडात तीळगूळ हाय तुह्या, जरा तरी गोड बोल." ती हसली, पण नजर काही नकाशावरून हलली नाही. निघताना पायरीवर थांबून चपलेत पाय घालता घालता म्हणाली, "येते म्हंजे येतेच ते. आपून जाग्यावर असलो म्हंजे झालं..." मी मान हलवली. हातात डबा होता, मला तो जागेवर ठेवायचा होता.

माघातल्या एका सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा कारंज्याहून तिच्या घरमालकिणीचा फोन आला. मंदाताई दार उघडत नव्हत्या, म्हणून शेजारच्या ढाब्यावरच्या माणसांना बोलावून कडी तोडली... झोपेतच हृदय थांबलं होतं. मला आधी राग आला. रडू फार नंतर आलं. आग तिकडून निघाली आहे, ती इकडे पोचायची आहे, आणि ही बाई तिच्या आधीच कशी उठून गेली, असा तो राग होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

मंदा माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. आमचं गाव कारंज्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला अगदी लागून. तिचा नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं, आणि त्याच्या जागी ती कारंज्यातल्या वनखात्याच्या कचेरीत लागली. आधी आवकजावक सांभाळायची. पुढे तिथल्या एका खोलीत संगणक आला. उपग्रह वरून जाताना त्याला खाली कुठे जाळ दिसला, की त्या खोलीतल्या नकाशावर लाल ठिपका उमटायचा. त्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना, कारण आगीचा मोसम आणि लग्नाचा मोसम एकच. चैत्र-वैशाखात सुटी नाही म्हटल्यावर मंडळी काढता पाय घेऊ लागली. मंदा बसली. माझ्या पोरीच्या लग्नातसुद्धा ती अक्षता टाकून जेवणाच्या पंगतीआधी पळाली, म्हणून आमच्या विहीणबाई रुसल्या. "तुमच्या नणंदबाईंना आमचं काही गोड लागलं नाही वाटतं," असं त्यांनी मला ऐकवलं. आता त्यांना काय सांगायचं, की तिकडे टेकडीवर ठिपका पडलाय?

मी तिची फार थट्टा करायची. एकदा माझ्याच ओट्याशी उभी राहून उत्तरेकडच्या कुठल्या डोंगरातला जाळ बघत होती, आणि हिच्या नाकासमोर शेगडीवरचं दूध उतू जाऊन ओटाभर झालं. "सगळ्या देशाचा जाळ दिसते तुले, गॅस नाई दिसत?" मी म्हटलं. ती म्हणाली, "गॅसवर उपग्रह नाई ना, वयनी!" पण त्या दिवशीच तिनं मला नकाशा बघायला शिकवलं. बोटांनी ताणायचा, मग आपला तालुका येतो, मग आपला नाला, मग आपलं शेत. लाल ठिपके आग. हिरव्या खुणा म्हणजे विझवणारी माणसं, गाड्या, पाला उडवायच्या मशिनी, कुठे कुठे तर हेलिकॉप्टरही. "सगळे लाल पाह्यतेत. मी हिरवं पाह्यतो," ती म्हणायची. एखाद्या राज्यात मोठी आग पेटली, की आसपासच्या हिरव्या खुणा तिकडे सरकू लागायच्या, आणि त्या ज्या जंगलांवरून उठून गेल्या ती जंगलं नकाशावर उघडी पडलेली दिसायची. तिला भीती वाटायची ती त्या उघड्या जागांची. मलाही मग वाटू लागली. आमच्या वाट्याला एकच गाडी होती, आणि ती कारंज्याकडे ठेवायची की आर्वीच्या अंगाला धाडायची, हे ठिपके बघून मंदा सांगायची. ठिपका दिसतो तोवर आग पुढे गेलेली असते, म्हणून चुकायला जागा फार कमी.

आणि आमच्याकडे घोळ असा, की आग सगळ्यांच्याच घरची. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलं गवत जाळायचं, हे आमच्याकडे झाडलोट करण्याइतकं साधं काम आहे. एका दुपारी गावोगाव धुरे पेटले, की उपग्रहाला काय कळणार, हा रानातला वणवा आणि हा कोण्या मामाचा बांध! नकाशा नुसता लाल. मग मंदानं गावोगाव फिरून एक रीत पाडली. काडी लावायच्या आधी तिला फोन करायचा. "मंदाबाई, काडी लावून राह्यलो." एवढंच. मग त्या जागी ठिपका पडला, की तो 'घरचा'. त्याच्यासाठी गाडी हलवायची नाही. लोकांनी आधी खिल्ली उडवली, मग अंगवळणी पडलं. तिच्या स्वतःच्या तर इतकं, की माझ्याकडे देवापाशी दिवा लावतानाही काडी ओढायच्या आधी मोठ्यानं म्हणायची, "वयनी, लावून राह्यली." मी आतून ओरडायची, "लाव, घरचाच हाय!"

मागच्या उन्हाळ्यात नामदेवमामांनी सकाळीच तिला फोन केला. मामा म्हणजे आमच्या गावचे शेजारी, त्यांचं शेत जंगलाच्या पहिल्या झाडापाशी संपतं. म्हणाले, दुपारी धुऱ्याला काडी लावतो. पण दुपारी त्यांच्या नातीला पाहायला कळमेश्वरकडचे पाहुणे अवचित आले. आता पाहुण्यांसमोर सतरंजी अंथरायची की धुरा पेटवायचा? मामांनी धुरा उद्यावर टाकला आणि पोह्यांचं बघायला लागले. पेटवणार म्हणून फोन झाला होता. पेटवला नाही, म्हणून फोन करायचं कुणाच्या डोक्यात येणार? जे केलंच नाही ते कळवायची रीत जगात कुठे असते?

त्याच दुपारी मोह वेचणाऱ्या कुणीतरी झाडाखालचा पाला जाळला होता. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून तसं करतात. तो जाळ नाल्याच्या पलीकडून सरपटत आला. मंदाच्या नकाशावर ठिपका उमटला तो बरोबर मामांच्या धुऱ्यावर. तिनं तो घरचा धरला. गाडी आर्वीच्या अंगाला दुसऱ्या ठिपक्याकडे धाडली... पाहुणे चहाच्या बश्या हातात घेऊन बसले होते, तेव्हा वारा फिरला आणि धूर दारात आला. मामांचा गोठा त्या धुऱ्याला लागूनच. उन्हाचं म्हणून बैल आत, दावणीला बांधलेले. एक सोडवता आला, त्याची पाठ भाजली होती. दुसरा खुंट्याला तसाच राहिला. तिथून जाळ जंगलात शिरला, आणि टेकडी मग कितीतरी दिवस धुमसत होती. गावात तेव्हा कपडे वाळत घातले तरी त्यांना धुराचा वास यायचा.

संध्याकाळच्या एसटीनं मंदा गावात पोचली. आम्हीही वर्ध्याहून गेलो होतो. नामदेवमामा गोठ्याच्या जागी उकिडवे बसले होते. मंदा वाचलेल्या बैलाच्या पाठीला खोबरेल लावत राहिली. शेवटी मामाच म्हणाले, "माह्यंच चुकलं पोरी. म्या फोन कराले पाह्यजे होता, का पेटवला नाई म्हनून."

"तुमी काऊन कराल मामा? जे केलंच नाई त्याचा फोन कोन करते?" ती म्हणाली. "इचाराले पाह्यजे होतं मीनं. घरचा हाय का, एवढंच तर इचाराचं होतं."

दोघं एकमेकांचा दोष आपल्याकडे ओढत राहिले. मला ते बघवेना. मी चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत बसले.

त्यानंतर मंदानं रीत बदलली. पेटवायचं ठरवून पेटवलं नाही, तरी फोन. "नाई पेटवला तं नाई पेटवला म्हनून सांगजो." लोकांना भलताच चेव आला. टवाळ पोरं मुद्दाम फोन करायची, "मंदाबाई, आज म्या काहीच नाई केलं!" ही म्हणायची, "लई मोठं काम केलं बाप्पा, असंच करत जाय." चिडली नाही कधी. पण माझ्या घरी आली की फोन बरणीला टेकवून उभीच राहायची, खाली बसायची नाही. जेवताना ताटही ओट्यावरच. मी म्हणायची, बस, जीव घेशील स्वतःचा. ती म्हणायची, "एक ठिपका घरचा समजला म्या, वयनी... एकच." तिचा जीव त्या ठिपक्यानं नेला असं डॉक्टर म्हणणार नाहीत, पण मी म्हणते.

तिला गावीच नेली. नाल्याच्या काठी, टेकडीच्या पायथ्याशी, जिथे मागच्या वर्षीची काळी खोडं अजून उभी आहेत. ह्यांच्या हातात जाळ दिला. हे पुढे झाले आणि थांबले. गुरुजींना वाटलं, चक्कर आली की काय. हे चितेकडे जरा वाकून हळूच म्हणाले, "मंदे, काडी लावून राह्यलो." मागे उभे असलेले नामदेवमामा मोठ्यानं रडायला लागले. माझंही रडणं तिथेच फुटलं. घरी आल्यावर मी तिचा फोन उघडून आमचा नाला ताणून ताणून पाहिला. तिथे काही नव्हतं. एवढ्याशा जाळाचा ठिपका उमटत नाही.

फोन माझ्याकडेच राहिला. कचेरीत तिच्या जागी आता दुसरी मुलगी आहे, चांगली आहे, तिनं नवा नंबरही गावोगाव कळवला आहे. पण लोकांना पाठ आहे तो मंदाचा नंबर. ती गेल्यावर मी फोन बंद करणार होते, हेही तसंच म्हणाले. मग एका सकाळी मी तो मिठाच्या बरणीला टेकवला आणि तो तिथेच राहिला. भाजी चिरता चिरता नजर जाते. फाल्गुन लागला तसे ठिपके ओडिशातून खाली उतरले, आंध्रात शिरले. हिरव्या खुणा तिकडे सरकल्या. मग पलीकडच्या जिल्ह्यांत लाल दिसू लागलं. ती म्हणाली होती तशीच येत होती, ठरल्या वाटेनं, एकही मुक्काम न चुकवता. मला रात्री झोप लागत नव्हती असं खोटं सांगणार नाही, पण सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी मी आता नकाशा बघते. आणि काडी ओढताना तोंडातून आपोआप निघतं, "लावून राह्यली." आतून उत्तर कुणी देत नाही.

परवा दुपारी फोन वाजला. नामदेवमामा.

"मंदाबाई..." ते म्हणाले आणि थांबले.

"मामा, मी हावो. वयनी."

"माहीत हाय मले. घाटावर गेलतो ना मी." मग म्हणाले, "सकाळी नव्या पोरीले सांगतलं होतं, धुरा पेटवतो म्हनून. आता तिचा नंबर लागून नाई राह्यला. हवा लई हाय. नाई पेटवला आज. कोनाले तरी सांगाले पाह्यजे, म्हनून केला."

मी म्हटलं, "बरं केलं मामा. सांगते मी तिले." त्या मुलीचा फोन मलाही लागेना. मी पोळ्यांकडे वळले. पोळ्या झाल्या, तवा उतरवला, ओटा पुसायला घेतला, तेव्हा बरणीला टेकलेल्या फोनची कड उजळली. हात ओले होते, ते पदराला पुसले. नकाशा ताणला. तालुका आला, नाला आला. ठिपका मामांच्या धुऱ्यावर होता.

त्या मुलीच्या यादीत आज हा घरचा होता. म्हणजे गाडी हलणार नव्हती. मंदाच्या फोनमध्ये गाडीवाल्याचं नाव 'हिरवी गाडी' असं लिहिलेलं आहे. मी तो लावला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. त्याच्या फोनवर तिचं नाव उमटलं असणार.

"नामदेवमामाच्या धुऱ्यावर ठिपका हाय," मी म्हटलं. "मामानं आज पेटवला नाई. घरचा नाई हा. गाडी काढा."

मी कोण बोलते, हे त्यानं विचारलं नाही. मला इंजिनाचा आवाज आला, आणि मग त्याचा.

"निघालो, मंदाताई."

मी फोन पुन्हा बरणीला टेकवला आणि तिथेच उभी राहिले.