पाइप उद्या बदलू

आमची जुनी व्हॅन गाडी नागपूरहून आली तेव्हा तिच्या आत पावाचा वास होता. आधीच्या मालकाने तिच्यातून बेकरीचा माल वाहिला होता. माझ्या नवऱ्याने तिच्यात राइस मिलचे कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, भरायला सुरुवात केली आणि महिनाभरात तो वास गेला. खोडी मात्र गेल्या नाहीत. सरकता दरवाजा रुळावरून उतरायचा. थंडीत डिझेलच्या नळीत हवा धरायची, मग हातपंप दाबत बसायचं. तिसरा गिअर वाटेल तेव्हा निसटायचा.

माझ्या माहेरी सगळे सरकारी नोकरीतले. गाडी बिघडली की कुठेतरी नेऊन द्यायची आणि नीट झाली की आणायची, एवढंच मला ठाऊक. बालाघाटला सासरी आले तर अंगणातच गॅरेज. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पायडलवर. ते दुसरं माणूस मी. नवरा गाडीखालून म्हणायचा, "दाब. धर. आता सोड." मी स्वयंपाक अर्धा टाकून पंधरा-वीस वेळा तेच करायची. "मले का समजते यातलं," असं म्हटलं की उत्तर यायचं, "तुह्या पायाले समजते ना, बस झालं."

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडी पाणी प्यायला लागली. रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी. ह्यांनी शोधून काढलं. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप टोकाशी, जिथे क्लिप आवळतात तिथे, चिरला होता. ह्यांच्या नेहमीच्या मिस्त्रीने नवा पाइप मागवून ठेवला. मंगळवारी गाडी त्याच्याकडे न्यायची ठरली.

मंगळवारी सकाळी मी म्हटलं, "आज खैरलांजीले जाऊ ना. आई वाट पाहून राह्यली. पाइप उद्या बदलू."

हे म्हणाले, "हौ, चाल. पाण्याची कॅन ठेव सोबत."

आईकडे जेवलो. अंबाडीची भाजी ह्यांनी दोनदा मागून घेतली आणि आईच्याच खाटेवर तासभर झोपले. परत येताना गाडी थंड व्हावी म्हणून दोन ठिकाणी थांबलो. दोन्ही वेळा हे सरकत्या दरवाजात पाय सोडून बसले आणि मलाही शेजारी बसवलं. मुलीला बारावीनंतर शिकायला कुठे ठेवायचं यावर आम्ही बोललो. घाई कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे ओट्यावर बसले. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय म्हणाले. डाव्या हातात कळ. गल्लीतल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी ठेवली आणि सांगितलं, गोंदियाला न्या, आत्ताच.

धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, गाडी दारातच आहे."

मागे गादी टाकली. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. त्या गडबडीत पाइप कुणालाच आठवला नाही, असं मी नंतर लोकांना सांगत आले. ते खरं नाही. गाडीने वळण घेतलं तेव्हाच मला आठवला होता. बोलले असते तर दुसरी गाडी शोधण्यात वेळ गेला असता, म्हणून गप्प राहिले.

दीर जोरात हाकत होता. राजेगावच्या अलीकडे पुढून वाफेचा आवाज आला, मग रबर तापल्याचा वास. गाडी कडेला घेतली. तेवढ्यात मागून येणारी एक जीप आपणहून थांबली. चालवणारा उतरून म्हणाला, "चला, उचलून इकडे घेऊ." त्याने आणि दिराने ह्यांना काखेत धरलं, तसे हे कळवळले. कपाळावर घाम फुटला.

"नोका हलवू मले," हे म्हणाले. "पाइप काप. पाच मिनिटाचं काम आहे."

जीपवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू द्या. होऊन जाईन गाडी." तो थोडा वेळ उभा राहिला. मग आपली पाण्याची कॅन आमच्याजवळ ठेवून निघून गेला.

पुढचं सगळं ह्यांनी पडल्या पडल्या सांगितलं. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द नीट.

"झाकण नोको खोलू आत्ताच, तोंडावर येईन. वाफ जाऊ दे."

आम्ही वाफ जायची वाट पाहत राहिलो. मी पदराने वारा घालत होते.

"आता क्लिप ढिली कर. पाइपाचं टोक काप, दोन बोटं. सरळ काप."

दिराने क्लिप ढिली केली. चाकू मी घेतला आणि पाइप कापला. त्याने तो परत वर सरकवला, क्लिप आवळली.

"पाणी एकदम नोको टाकू, इंजिन तडकते. चालू ठेव अन् हळूहळू सोड. पाह्य, गळते का?"

"नाही, दादा."

"मंग चाल."

त्यानंतर हे काही बोलले नाहीत. डोळे उघडे होते, माझ्याकडे पाहत होते. गोंदियाला पोचेपर्यंत मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

पाच मिनिटांच्या कामाला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली होती. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तर वाचले असते असं सांगता येत नाही. वाचलेच नसते, असंही ते म्हणाले नाहीत. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी कितीतरी महिने काढले.

तेरवी झाल्यावर मिस्त्री नवा पाइप घेऊन घरी आला. त्याने इंजिनावरची सीट उचलली, बॅटरीच्या उजेडात पाहिलं, जोड हाताने हलवून पाहिला. "भाभी, ये तो एकदम पक्का है," तो म्हणाला. "साल भर कुछ नहीं होगा. किसने किया?"

मी म्हटलं, "उन्होंने ही बताया, हमने किया."

त्याने सीट खाली ठेवली. हात पुसायला कापड काढलं आणि ते तोंडावर धरून तिथेच खाली बसला.

दीर गाडी चालवायला लागला, पण घरात टिकेना. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचा. चार महिन्यांनी एका दुपारी कट्टे उतरवून तो अंगणात आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वहिनी, मी एवढी जोरात नसती हाकली तं पाइप फाटला नसता."

चार महिने तो हे घेऊन फिरत होता. मी गप्प राहू शकले असते. सांगितलं.

"पाइप मंगळवारी बदलायचा होता. मीनं थांबवलं, मले आईकडे जायचं होतं. अन् बुधवारी रस्त्यात मले आठवला, तरी मी बोलली नाही."

तो ओट्यावर बसला. मला वाटलं आता उठून जाईल.

"दादा खुश होता त्या दिवशी," तो म्हणाला. "खैरलांजीहून आल्यावर मले सांगून राह्यला होता. लय दिवसांनी निवांत बसलो म्हणे, तुह्या वहिनीसोबत."

मग मी रडले. तोवर लोकांसमोर रडले होते, ते वेगळं. माझं मन हलकं झालं असं मात्र मी लिहिणार नाही. दीर त्या दिवसापासून जेवायला येतो, एवढं खरं. कधी कधी गाडीतलं काही बिघडलं की मला हाक मारतो, आम्ही दोघं मिळून पाहतो. पाइपाबद्दल, मंगळवाराबद्दल आता आम्ही बोलू शकतो.

जीप थांबली होती आणि मी ती जाऊ दिली, हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. तिच्याबद्दल तो अजून बोललेला नाही. मीही नाही.