पऱ्ह्यांवर टाकलेले रूळ

चूक माझीच. धानाच्या पऱ्ह्यांना, रोवणीच्या कोवळ्या रोपांना, मी गवत म्हणालो. त्यांचा ओला वास आला की अजून स्वतःचा संताप येतो. सिनेमात मी आधी लाइट उचलले, सेट रंगवले, मग कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकू लागलो. साकोलीजवळ शूटिंग होतं. "घास ही है ना?" दिग्दर्शकाने विचारलं. मी याच भागातला. तरी रूळ हलवायच्या कंटाळ्याने "हाँ, सर" म्हणालो. पऱ्हे चिरडले. शेताची मालकीण कडाडली, "बाबू, सकाळी माह्या घरचं पाणी पेला, अन् पऱ्हे नाही ओळखले? आता रोवणा कायचा करू?" मी मान खाली घालून रूळ पुसत राहिलो. यंदा तिच्या बांधावर गेलो. म्हणालो, "मावशी, ते पऱ्हे होते, मले तवाच मालूम होतं. माफ कर."