चारच्या आत जोडणी

मार्चचा तिसरा शनिवार, दुपारचे पावणेदोन. रक्कम एक हजार सातशे सत्तर: जोडणीचे हजार, पहिल्या महिन्याचे पाचशे आणि वर अठरा टक्के कर. हजर माणसे तीन: मी, माझी बायको आणि इंटरनेटवाल्यांकडून जोडणीसाठी आलेला चाळिशीचा माणूस. मी आधी पैसे दिले, पावती घेतली, मग त्याने शिडी लावली.

चार वाजता बायकोची परीक्षा होती. धुळ्यातल्या ज्या छापखान्यात तिने चौदा वर्षे अक्षरजुळणी केली, तो आदल्या वर्षी बंद पडला. थकलेल्या पगारापोटी मालकाने तिला तिचाच कॉम्प्युटर दिला. तो विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा. आता पुण्याच्या एका प्रकाशकाला घरून टायपिंग करणारे माणूस हवे होते. परीक्षा चार ते पाच, इंटरनेटवरून, संधी एकदाच. आमच्या तळमजल्यावर मोबाईलला रेंज नाही. बोलायलाही गच्चीवर जावे लागते.

अडीचला तार घरात आली आणि भिंतीवर तिचा छोटा डबा बसला. त्या माणसाने ती आधी स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिली. पाने भराभर उघडली. "चोख शे, भाऊ," तो म्हणाला आणि जोडणीच्या फॉर्मची ग्राहकाची प्रत भरून माझ्या हातात दिली. मग तीच तार बायकोच्या कॉम्प्युटरला लावली. कोपऱ्यात जोडणी झाल्याची खूण आली. पान मात्र एकही उघडेना. तार काढून परत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तीन वाजले.

"आमनी लाईन बठ्ठी बरोबर शे. तुमना कॉम्प्युटरच येगळा शे," तो म्हणाला. "विंडोज टाकी देस. तीनशे रुपया, पाऊण तास."

"आणि आत जे आहे ते?" बायकोने विचारले.

"ते जाई, वहिनी."

पाऊण तास म्हणजे पावणेचार. पंधरा मिनिटे उरत होती. खरे सांगतो, माझा हात खिशाकडे गेला होता.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "माझी बोटं यातल्या अक्षरांच्या मांडणीवर बसलीत. नव्या मांडणीवर परीक्षेत मी अक्षरं शोधत बसू?"

"मग परीक्षा कशावर देशील, पाटीवर?"

"पाटी परवडली!"

तो हसला. मला हसू आले नाही. मी डाळमिलमध्ये हिशेब पाहतो. वजनाची काटापावती आणि बिल शेजारी ठेवल्याशिवाय सही करत नाही. दुसरे काही सुचेना, म्हणून ग्राहकाची प्रत वाचू लागलो. नाव बरोबर, पत्ता बरोबर, रक्कम बरोबर. खाली 'यंत्र क्रमांक' अशी चौकट आणि तिच्यात अंक-अक्षरांची बारा घरे.

"हा नंबर कशाचा?"

"जोडेल मशीनना. ऑफिसमा आपोआप जास."

मी बायकोला तिच्या कॉम्प्युटरचा नंबर शोधायला सांगितले. तिने नेटवर्कची माहिती उघडली. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पेन्सिलीने खुणा करायच्या अशी रीत. तशीच ती दोन-दोन घरे वाचत गेली. पहिली जोडी जुळली नाही. दुसरीही नाही. मी खुणा करणे सोडून तिचा क्रमांक प्रतीच्या मागे लिहून घेतला.

प्रत त्याच्यापुढे धरली. त्याने लॅपटॉपमध्ये पाहिले आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, हाऊ मना शे." प्रतीवरचा क्रमांक त्याच्याच लॅपटॉपचा होता.

त्यांची लाईन पहिल्यांदा जोडलेल्या यंत्रालाच ओळखते, दुसऱ्याला आत घेत नाही. बाकीच्या घरी मध्ये राउटर असतो, म्हणून त्याला ही अडचण कधी आली नव्हती. बाराशेंचा राउटर मीच नको म्हटला होता. एका कॉम्प्युटरला कशाला, असा माझा हिशेब.

तीन वाजून एकवीस मिनिटे. तो आणि मी गच्चीवर धावलो. नंबर बदलायला लेखी अर्ज आणि चोवीस तास, असे ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या. मी अर्जाचा मजकूरच विचारू लागलो, तसा त्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"अक्का, चूक मनी शे. वहिनीनी चार वाजता परीक्षा शे. अर्ज मी सोमवारले आणी देस, पण नंबर आतेच बदला!"

मग बाईंनी क्रमांक मागितला. तो एकेक घर सांगत होता आणि मी कागदावर बोट सरकवत होतो. तीन चव्वेचाळीसला त्या म्हणाल्या, "झालं. पाच मिनिटं डबा बंद ठेवा."

भिंतीवरच्या डब्याचे दिवे मालवून आम्ही तिघे त्याच्यासमोर उभे राहिलो. तीन त्रेपन्नला पान उघडले. बायको खुर्ची ओढत म्हणाली, "आता दोघंही बाहेर व्हा."

ओट्यावर मी त्याला तीनशे रुपये देऊ केले. "कसाना? चूक मनी," म्हणत त्याने शिडी उचलली.

काम तिला मिळाले. पुढच्या महिन्याचे पैसे न्यायला तोच आला. मी पाकीट काढले, तर तिने मला बाजूला सारले आणि आपल्या पहिल्या पगारातून पाचशे नव्वद रुपये त्याच्या हातावर मोजून ठेवले.